साबणाची रेघ

अॅल्युमिनियमसारखा आतल्या गाठीचा धातू दुसरा नाही. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. हे ब्र काढत नाही, आणि जरा गाफील राहिलं की सगळं खाली ओघळतं. म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, गॅसनं वेल्डिंग करताना जोडाच्या शेजारी कपड्याच्या साबणाची रेघ ओढायचे. ज्योतीनं रेघ तपकिरी झाली की जोड भरायची सळी लावायची. काळी पडली तर उशीर झाला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आबांना ती रेघ दिसेनाशी झाली. मग शाहूपुरीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ड्युटीवरून आलेला मी त्यांच्या खांद्यामागे उभा राहून "आता" म्हणायचो. दिवसभर लेथवर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा त्या गॅस बनवायच्या कार्बाइडच्या वासात उभं राहायचा मला मनापासून वैताग यायचा. पण हातात गॅस असला की आबा आबांसारखे वाटायचे. दुसरं काही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी गल्लीतल्या गवळ्यानं दुधाचा अॅल्युमिनियमचा कॅन आणला. बुडाशी चीर पडली होती आणि या पठ्ठ्यानं ती गूळ-चुना कालवून बुजवली होती. "दोन म्हैनं थेंब गळला न्हाय की!" वर ही फुशारकी. आबांनी ते सगळं खरवडलं, कढत पाण्यानं धुतलं, तारेच्या ब्रशनं घासलं. चुन्यानं पत्रा खाल्ला होता.

"पातळ झालाय. नीट बघ रं," आबा म्हणाले.

मी बघत होतो. मग बहुतेक उभ्या उभ्याच डोळा लागला. उघडला तेव्हा रेघ काळी होती. "आता!" मी ओरडलो, तोवर बुडाला मुठीएवढं भोक पडलं.

गवळी बिचारा म्हणाला, "चुन्यानंच खाल्लं आसंल, मिस्त्री."

"न्हाय. माझं डोळं गेलं," आबा म्हणाले. "ह्यो वेळंवर बोलला, मलाच उमजलं न्हाय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी इतका दमलो होतो की ते उद्यावर टाकलं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मनात पहिलं आलं ते हेच, की आज लवकर जेवायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो, तर कार्बाइडची टाकी रिकामी करून पालथी घातली होती. आबा मोरीत बसून त्या साबणाच्या वडीनं हात धूत होते.

"ये," ते म्हणाले. "जेवून घे. दमला आसशील."