माघारी आलेला गाडा

त्या वर्षी माझं पोस्टिंग पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या डेपोत होतं. गोवा अजून सुटायचं होतं. चाकणच्या आसपास कारखान्याचं एक धुराडं नव्हतं, नुसते कांदे आणि बटाटे. मी नाईक शिंदे. आता कासारवाडीला पोराच्या फ्लॅटमध्ये राहतो, पहाटे उठून भांडी वाजवतो आणि सुनेच्या शिव्या खातो.

डेपोतून डिटोनेटर चोरीला जात होते. डिटोनेटर म्हणजे सुरुंग पेटवायची बोटाएवढी नळी. चाकणकडं विहिरी खणायला हा माल विकला जातो, अशी खबर लागली. सीओ साहेबांनी आम्हा तिघांना साध्या कपड्यांत पाठवलं. पार्टी कमांडर हवालदार कुट्टप्पा, कुर्गचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते झाले बेळगावचे कांद्याचे व्यापारी, म्हणजे मोडक्या मराठीबद्दल कुणी विचारायला नको. मी दलाल. लान्स नाईक जगदाळे हमाल. जगदाळे फलटणकडचा, माझ्या आईच्या गावचा, म्हणून मला मामा म्हणायचा आणि त्या नात्यावर माझ्या बिड्या ओढायचा. ऑर्डर साफ होती: काही झालं तरी ओळख सांगायची नाही.

गाव महाळुंग्याच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, तिथली नातवंडं आज माझ्या ओळखीची आहेत. आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा गावात पटकी होती. पटकी म्हणजे कॉलरा. आम्हाला सुया टोचलेल्या होत्या, त्यांना कोण टोचणार? घरटी माणूस आजारी. पाटलाचा पाच वर्षांचा नातू त्याच आठवड्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उस्ताद आणि जगदाळे शिवाराच्या कडेची एक अर्धवट खणलेली विहीर तपासायला निघून गेले. मी चावडीवर बसून पाटलाला बोलण्यात गुंतवायचं, असं ठरलं होतं. ते दोघं गेल्यावर गावात हलगी वाजली. गावानं मरीआईचा गाडा काढला.

शहरातल्या वाचकांना सांगतो. पटकी आली की गावसुतार लाकडाचा दोन चाकांचा गाडा करतो. त्यावर आईची मूर्ती, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात. गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथंच सोडायचा. रोगराई घेऊन आई पलीकडं जाते. गाडा गेला की गाव बांधतात. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. आणि गाडा काही केल्या माघारी आणायचा नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कुर्गच्या माणसाला कुठून माहीत असणार?

दुपार कलली होती. पाटील आणि मी चहा पीत होतो. वेशीकडून बायका किंचाळल्या आणि माणसं घरांत पळायला लागली. मी उठून बघतो तर काय, उस्ताद तो गाडा ओढत गावात येतायत. गाड्यावर जगदाळे आडवा. धोतर रक्तानं भिजलेलं, मूर्ती त्याच्या पायाशी कलंडलेली.

झालं होतं असं. डिटोनेटरची पेटी विहिरीतच होती. ती वर काढताना कडेचा दगड सुटला आणि जगदाळे खाली खडकावर पडला. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. उस्तादांनी त्याला एकट्यानं वर काढलं, फेट्यानं पाय बांधला आणि नेणार कशावर म्हणून आजूबाजूला बघितलं. शिवेवर बेवारशी गाडा दिसला. देवच पावला, असं त्यांना वाटलं.

घटकाभरात गाव जमलं. काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, पण ओरडत कुणीच नव्हतं. त्यालाच मी जास्त घाबरलो. मी हातापाया पडून सांगितलं की परका माणूस आहे, त्याला रीत ठाऊक नाही, आमचा ट्रक चाकणच्या बाजारात उभा आहे, तेवढं तिथपर्यंत जाऊ द्या. कुणी ऐकेना. आईनं स्वतःचं माणूस निवडलंय, असं एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांनी माना हलवल्या. जगदाळेला गाड्यासकट शिवेवर न्यायचं, तिथंच ठेवायचं. पाणी द्यायचं नाही, शिवायचं नाही. रात्रीतून आई काय ते करील.

पाटील पुढं आला. "दलाल, तुमचा गडी आता तुमचा न्हाई. आईचा हाय. आमची पोरं मेली वो. अजून किती द्याची आमी?"

जगदाळे पांढराफटक पडला होता. फेट्यातून रक्त थेंब थेंब गळत होतं. रात्र काय, दिवेलागणीपर्यंतसुद्धा तो टिकला नसता. उस्तादांच्या कोटाखाली रिव्हॉल्व्हर होतं. मी त्यांच्या कानाशी लागलो, गाड्याची रीत सांगितली आणि म्हटलं, सांगून टाकू आपण कोण ते. नाहीतर हवेत एक राउंड सोडा.

"ये फौज से नहीं डरते, शिंदे. बीमारी से डरते हैं," ते म्हणाले. "और गोली किस पे चलाऊँ? इनके बच्चे मरे हैं." मग विचारलं, "गाड़ी वापस लाया कौन? मैं. तो देवी को कौन चाहिए?"

त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या ध्यानात आलं आणि मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मला म्हणाले, पाटील को बोल. मी बोललो. गाडा ज्यानं माघारी आणला त्यानंच तो परत न्यावा, दोष त्याचा, जखमी माणसाचा नाही. लोकांत कुजबुज झाली. म्हातारी हो म्हणाली. पण अट घातली. गाडा एकट्यानं ओढायचा. शिवेच्या ओढ्यापलीकडं नेऊन सोडायचा. मागं वळून बघायचं नाही आणि दिवस बुडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलला तर आई त्याच्या शब्दाबरोबर परत येणार. मग जखमी गड्याला गाव सोडणार नाही.

मी हे हिंदीत सांगितलं. उस्तादांनी मान डोलावली. मी त्या क्षणापासून त्यांचा आवाज ऐकला नाही.

आम्ही दोघांनी जगदाळेला उतरवून बाजेवर ठेवलं. उस्तादांनी मूर्ती नीट उभी केली, सांडलेल्या बांगड्या गोळा करून तिच्यापुढं ठेवल्या आणि दोर खांद्यावर घेतला. जाताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. गाव दुतर्फा उभं होतं. मी ओरडून काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी वळून बघितलं तर सगळंच बिघडलं असतं, म्हणून ओठ चावून उभा राहिलो.

पाटलानं शब्द पाळला. बैलगाडी दिली. गाव बांधलेलं, त्यामुळं गाडीवान मिळाला नाही. मी कुणब्याचा पोर, बैल मीच हाकले. प्रत्येक खड्ड्याला जगदाळे आई गं म्हणून ओरडायचा. ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, एवढाच मला आधार. नंतर ओरडायचं थांबला तेव्हा मी बैलांना नाही नाही ते बोललो. चाकणला ट्रक मिळाला. पुण्यात हॉस्पिटलला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. स्ट्रेचरवर त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "मामा, उस्ताद कुठं हायेत?"

येतायत मागनं, असं मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पार्टी घेऊन गेलो. उस्ताद ओढ्यापलीकडं सापडले. गाडा त्यांच्या शेजारीच होता. पलीकडच्या गावात पटकी अजून शिरली नव्हती आणि ती शिरू नये म्हणून माणसं शिवेवर पहाऱ्याला बसलेली. दुसऱ्याची मरीआई आपल्या हद्दीत येताना त्यांनी बघितली. पोलिसांसमोर त्यातला एकजण ढसाढसा रडला. "चारदा इचारलं साहेब, कोन हायेस, कुठला हायेस. बोललाच न्हाई. आमी म्हनलं, मानूसच न्हाई ह्यो." मग त्यांनी दगड उचलले.

रिव्हॉल्व्हर कमरेलाच होतं, भरलेलं. एक शब्द बोलले असते तरी वाचले असते. पण जगदाळे गावाबाहेर पडला की नाही, हे त्यांना तिथं कळायला मार्ग नव्हता. त्या वेळी मी बैलगाडीत, चाकणच्या अलीकडं, एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातानं जगदाळेचा पाय धरून होतो. दिवस बुडायला थोडाच अवकाश होता.

चोर पकडले गेले. जगदाळे वाचला. पाय जरा आखूड झाला, पण त्यानं फलटणला पिठाची गिरणी टाकली, नातवंडं खेळवली आणि म्हातारा होऊन मेला. थोरल्या मुलाचं नाव त्यानं कुट्टप्पा ठेवायचं म्हटलं तर घरचे भांडले.

त्या गावातली पटकी पुढच्या आठवड्यात ओसरली. ओसरायचीच होती, सरकारी डॉक्टर आला होता. पण लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. ओढ्याकाठी दगड बसवला, शेंदूर फासला. आता तिथं कंपनीची भिंत आहे आणि दगड भिंतीला लागून आहे. शिफ्टला जाणारी पोरं मोटारसायकल थांबवून हात जोडतात, नवा ट्रक घेतला की नारळ फोडतात. त्याला मुका बाबा म्हणतात.

मागं एकदा मी गेलो होतो. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं मला माहिती पुरवली. म्हणाला, आजोबा, फार मोठे सिद्ध पुरुष होते, जन्मात कधी बोलले नाहीत.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे कसला मुका? कॅन्टीनमध्ये हा माणूस कुणाला बोलू द्यायचा नाही. डुकराच्या शिकारीच्या थापा मारायचा. झोपेतसुद्धा बोलायचा, आम्ही बूट फेकून मारायचो. बायकोचं पत्र आलं की अख्ख्या बराकीला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, मग बाबांचं नाव काय होतं?

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. गुडघे दुखतात, पण राहिलो. आणि त्या रस्त्यावर, ट्रकच्या आवाजात, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं. हवालदार कुट्टप्पा.