घडा आणि दोन वांगी

नात सुट्टी संपवून गेली, तिची पोस्टर कलरची बाटली राहिली. झाकण उघडलं आणि त्या आंबूस वासानं मला सदर भागातल्या आमच्या शाळेत नेलं.

मॅट्रिकचं वर्ष. मुख्याध्यापकांनी चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकला. चित्रकलेचे सर अडून बसले, "पोरायले विचारा तरी!" म्हणून मुख्याध्यापक वर्गात आले. "चित्रकला कोणाला हवी? हात वर करा."

सरांनी माझ्याकडेच पाहिलं. माझ्या बोटांना अजून निळा रंग होता. मी ती बोटं स्कर्टच्या घडीत लपवली. एकही हात वर आला नाही.

पुढच्या बुधवारी, एरवीच्या चित्रकलेच्या तासाला, मी खडू आणायला गेले. चित्रकलेच्या रिकाम्या खोलीत सरांनी नेहमीसारखा घडा आणि दोन वांगी मांडली होती. समोर एकच स्टूल.

"काहून वं, सुटला तास?"

"नाही सर. गणिताला खडू पाहिजेत."

त्यांनी खडू दिले आणि एक वांगं जरासं उजेडाकडे वळवलं.

गणितात मला भरपूर मार्क पडले. किती, ते आता आठवतही नाही.

आज दुपारी टेबलावर घडा मांडला, दोन वांगी ठेवली. घरात कोणीच नव्हतं. तरी ब्रश उचलण्याआधी मी हात वर केला.