कुंदाक्काची बोंडूंची चादर

क्रोशाचं एक बरं असतं, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं! कोरगावला माझ्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे पायऱ्यांवरच्या ओसरीत, आम्ही चौघी दुपारची जेवणं उरकून बसायचो. संध्याकाळी उठताना चादर वीतभर वाढलेली असायची आणि किस्से हातभर. चादर एकच होती, ती झाली विणून. किस्से मात्र अजून पुरतायत. हल्ली घरी कुणी आलं की मी चहाचं आधण ठेवता ठेवताच एखादा सांगायला घेते.

*

आधी कुंदाक्का. आमच्या वाड्यावर जिला जिला क्रोशा येतो, तिला तो कुंदाक्कानेच शिकवलाय. शिकवायची पद्धत एकच. टाका चुकला की म्हणायचं, "उसव!" कारण नाही, चर्चा नाही.

गेल्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजूच गेली. मग हळूहळू पाय परतला, जीभ परतली. जीभ तर व्याजासकट परतली! उजवा हात तेवढा राहिला. हलायचा, पण त्याला काही कळायचं नाही. हातात कप आहे की नाही, ते बघून ठरवावं लागायचं.

आणि नेमकी तेव्हाच डिचोलीहून बातमी आली, तिच्या मुलीला, दीपाला, दिवस गेलेत. आम्ही पेढे घेऊन गेलो. कुंदाक्काने पेढ्याला हात लावला नाही.

"पेढे र्‍हवांदेत. माका सांगा, ह्या हातान मी नातवंड कसा घेव? सुटला तर माका कळाचाय नाय."

माझा पेढा तोंडातच राहिला.

*

म्हापशाच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं, हाताला वेगवेगळे स्पर्श द्या. खरखरीत, मऊ, टोचणारे. सुरुवात तांदळापासून करा. कुंदाक्काने थोडे दिवस परातीतल्या तांदळात हात फिरवला आणि एका दुपारी परात ढकलून दिली.

"मी काय कोंबडी आसंय?"

मग तिनेच ठरवलं. बाळासाठी चादर करायची, आणि तीही उठावाची. एक पट्टा वेण्यांचा, एक पट्टा फुगीर गोळ्यांचा. या गोळ्यांना व्हिडिओतल्या बाईने काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही त्यांना बोंडू म्हणायला लागलो, कारण ते हुबेहूब काजूच्या बोंडूसारखे दिसायचे. "तुमी विणा," कुंदाक्का म्हणाली, "मी वरसून हात फिरवतंय."

दीपाच्या सासऱ्यांनी म्हणे शंका काढली, "डिचोलीच्या उकाड्यात लोकरीची चादर?" कुंदाक्काने फोनवर निरोप दिला, "लोकर नाय, सूत आसा म्हणून सांग. आणि घरात एसी कोणी लावल्यान, मी?"

*

मनीषा मूळची कोल्हापूरची. नवरा इथल्या कारखान्यात, म्हणून ती इथे. तिचा हात इतका घट्ट की टाक्यात सुई शिरता शिरत नाही. लता केरीहून स्कूटरवर यायची. किनाऱ्याजवळ तिचं छोटं गेस्ट हाऊस आहे. तिचा हात भलताच सैल. या दोघींनी सुरुवातीला एकाच पट्ट्यावर आळीपाळीने काम केलं. मनीषाच्या ओळींत चादर आत जाई, लताच्या ओळींत बाहेर येई. आठवड्याने जमिनीवर पसरून बघितली, तर चादरीला चक्क कंबर आली होती!

कुंदाक्काने वाकून बघितलं.

"चादर करतास की चोळी?"

"धुतल्यावर हुतंय की ओ सरळ, आक्का," मनीषा म्हणाली.

"उसव!"

उसवताना मनीषाने लताकडे असं काही बघितलं, की तसं तिने सासूकडेही कधी बघितलं नसेल. शेवटी मी वाटणी करून दिली. बोंडू मनीषाने करायचे, वेण्या लताने, आणि काठ मी.

*

उसवलेल्या दोऱ्याचा गुंडा करायचं काम भाऊंकडे होतं. भाऊ म्हणजे कुंदाक्काचे यजमान, मूळचे सावंतवाडीकडचे. सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचे ट्रक हाकण्यात त्यांचा जन्म गेला. एरवी बोलणं कमी. आम्ही बोलत असलो की पायरीवर बसून ते मुकाट्याने दोरा गुंडाळायचे.

त्यांनी केलेला पहिला गुंडा मनीषाच्या हातून निसटला. तो टणटण उड्या मारत पायऱ्या उतरला आणि अंगणात झोपलेला कुत्रा शेपूट घालून पळाला!

"ह्या काय बांधलास?" कुंदाक्का ओरडली. "दगड की दोरो?"

"माल वाटेर सांडाक नये," भाऊ म्हणाले आणि पुढचा गुंडा घेतला.

*

कुंदाक्काचा क्रोशाचा एक कडक नियम होता. सुई पेन्सिलीसारखी धरायची. कुणी मुठीत धरली की ती म्हणायची, "सुरी नाय ती, मासळी कापूक!" आता तिच्या उजव्या हाताला सुई दिली की बोटांतून गळून पडायची. ती उचलायची, पुन्हा पडायची. आम्ही माना खाली घालून आपापले टाके मोजत बसायचो. 

एक दिवस लताने तिच्याकडे उतरलेल्या एका रशियन आजींना सोबत आणलं. आजींना आपली भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी चादर उलटी केली, सुलटी केली, मान डोलावली. मग कुंदाक्काच्या हातातून पडलेली सुई उचलली, तिच्या मुठीत दिली आणि वरून आपल्या हाताने मूठ मिटली. अगदी मासळी कापायच्या सुरीसारखी!

कुंदाक्का भडकली. ती मालवणीत, त्या रशियनमध्ये, अशी दोघींची चांगली जुंपली. पण मूठ काही आजींनी सोडली नाही. भांडता भांडताच साखळीचा एक टाका विणला गेला. मग दुसरा. वाकडेतिकडे, पण सुई हातातच होती.

दोघींनी त्या टाक्यांकडे बघितलं. मग कुंदाक्का लताला म्हणाली, "हिका सांग, हिची धरूची पद्धत चूक आसा."

"बरां, खुणेन सांगतंय."

"आणि सांग, फाल्यां परत ये."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सुईच्या दांड्याला जुन्या स्टिअरिंगच्या कव्हराची पट्टी गुंडाळून आणली. तीही अर्थात घट्ट!

*

मग रोजची परीक्षा सुरू झाली. कुंदाक्काने डोळे मिटायचे, उजवा हात चादरीवर फिरवायचा आणि वेणी की बोंडू ते सांगायचं. पहिले कितीतरी दिवस तिने सगळंच चुकीचं सांगितलं. मग एकाएकी सगळं बरोबर येऊ लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मनीषाने मात्र वाकून बघितलं.

"आक्का! एक डोळा उघडा हाय तुमचा!"

"तो असोच र्‍हवता. आजारपणातसून."

मनीषाने स्वतःची ओढणी काढून तिचे दोन्ही डोळे बांधले. पुन्हा सगळी उत्तरं चुकू लागली. पण ओढणी राहिली.

पुढे मनीषा चार दिवस कोल्हापूरला गेली. पट्टा अडून राहिला, म्हणून लताने गुपचूप बोंडूंची एक ओळ घातली. मला म्हणाली, "कोणाक कळतला?" मनीषालाही परत आल्यावर कळलं नाही. संध्याकाळी ओढणी बांधून कुंदाक्काचा हात चादरीवर फिरू लागला. वेणी, वेणी, बोंडू, बोंडू. मग तो थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"ह्यो बोंडू मनीषाचो न्हय. ह्यो ढिलो. ह्यो लताचो."

 पायरीवर भाऊंच्या हातातला गुंडा थांबला.

"गप्प कित्याक रे सगळी? उसव!"

उसवायला सांगितल्यावर माणसं रडतात, ते आम्ही पुष्कळदा पाहिलं होतं. या वेळी लता रडत होती आणि हसतही होती. मलाही धड दिसत नव्हतं, म्हणून मी चहा करायला आत गेले.

*

बारसं डिचोलीला झालं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण आईचा हात असा, म्हणून दीपा सासरीच राहिली होती. कुंदाक्काला ते फार लागलं होतं. हॉस्पिटलात नात बघायला गेली तेव्हाही तिने डाव्या हाताच्या बोटाने गालाला शिवलं आणि उजवा हात पदराखालीच ठेवला. बोंडू ओळखण्यापुरता तिचा त्या हातावर विश्वास बसला होता, बाळ धरण्यापुरता नव्हता.

पाळणा सजला होता, त्याच्या दांडीवर आमची चादर टाकली होती. दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या आणि बाळाला पाळण्याखालून, वरून, हातोहात देऊ लागल्या. कुंदाक्का मागे भिंतीला टेकून उभी होती. बाळ फिरत दीपाकडे आलं. दीपा रांग सोडून सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली.

"नको गो," कुंदाक्का म्हणाली.

"आई, धर."

"सुटला तर?"

"धर."

कुंदाक्काने पदराखालून हात काढला.  लताने पाळण्यावरची चादर ओढली, का ते आम्हाला सांगावं लागलं नाही. एक कोपरा तिने धरला, एक मी, एक मनीषाने, आणि बाळाच्या खाली चादर ताणली. चौथा कोपरा लोंबत होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वाट काढत भाऊ आले, त्यांनी तो पकडला आणि दोरखंड ओढावा तसा खेचला.

बाळ कुंदाक्काच्या हातांवर आलं. तिने आधी बाळाकडे बघितलं, मग खाली.

"ह्या काय? तुमी आंबे पाडतास काय गो?"

सगळं घर हसलं. आम्हीही हसलो. पण कोपरे कुणी सोडले नाहीत.

दीपाच्या सासूबाई पाळण्याजवळ हात पसरून थांबल्या होत्या. नाव ठेवायची वेळ झाली होती. बराच वेळ झाला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, द्या आता."

कुंदाक्काने डोळे मिटले होते.

"थांबा. उजव्या हातान अजून तिका बघूक नाय."