हलीमाखालाचा सवाल

हलीमाखाला घरात शिरली की आधी बाळंतिनीकडं बघायची न्हाय, चुलीकडं बघायची. पातेल्यातलं पानी खळखळा उकळेस्तवर उंबऱ्यात उभी ऱ्हायची. म्हनायची, "पानी नाचू द्या, मग म्या हात लावते." एकदा माझी सासू चिडली, "दाई, हितं पोरगी मरायला लागली आनि तुमी पानी काय धरून बसलाव?" खाला म्हनली, "मरायला लागली म्हनूनच धरून बसले." माझी तिन्ही लेकरं तिच्या हातावर झाली आनि तिन्ही जगली. त्या वक्ताला ही लई मोठी गोस्ट व्हती.

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात ती दाई. निजामाच्या अमलात नोकरीला लागली, पुढं राज बदललं, तिचं काम तेच ऱ्हायलं. नवरा कवाच वारलेला. एकुलता एक लेक करीम, त्यो पोलीस अॅक्शननंतर कराचीला गेला, तिथं गिरनीत लागला. खालाला दमा. ज्वारीची मळनी सुरू झाली की भुसकटानं छाती भरायची, नखं निळी पडायची. पन दवाखाना हाकेवर. कंपौंडरला तिची छाती पाठ व्हती. तिचा निरोप आला की त्यो सुई घिऊनच भाईर पडायचा.

नोकरी संपली तशी करीमची पत्रं सुरू झाली, अम्मी या म्हनून. आमच्या गावच्या शाळेतले मास्तर निजामाच्या शाळेत शिकलेले, उर्दू वाचायचे, लिवायचे. तिची पत्रं तेच बघायचे. म्या शेजारीन, तिच्यासंगं जाऊन बसायची. खालानं एकच सवाल घातला, "लिवा मास्तर. अवचित माझा दम अडला तर सुई टोचनारा घरापासनं किती लांब ऱ्हातो?"

जवाब आला. समुद्राची हवा हाय, घरात नळ हाय, दवाखाने लई मोठे हायत.

खाला म्हनली, "मोठा किती ते न्हाय इचारलं. लांब किती ते इचारलं."

पुन्हा लिवलं. या बारीला जवाबात नातवाचा फोटू आला. मग तिनं इचारनंच सोडलं. फोटू पदराला बांधून हिंडायची. गावातल्या शान्यासुरत्यांनी तर तिला ढकललीच. "जावा की खाला, आता हितं तुमचं कोन हाय?" असं म्हननाऱ्यांच्या घरोघरची नाळ तिनं कापलेली. हितं कोन हाय म्हनं. म्या बी तवा गप बसले, त्याचा राग अजून माझा माझ्यावर हाय.

गेली. तिथं काय झालं ते दोन हिवाळ्यांनी परत आल्यावर तिच्याच तोंडून ऐकलं. ओल्या हवेनं दमा वाढला. दवाखान्यावाले म्हनले, कार्ड पायजे, आनि कार्ड तिथल्या रयतेलाच मिळतं. करीमनं कागद आनला, तिनं अंगठा दिला.

"मला वाटलं औषधाचाच कागद हाय, गोदे. आपल्या दवाखान्यात बाटली भरून देताना रजिस्टरावर अंगठा घेत्यात न्हाय का, तसलं."

त्या अंगठ्यानं ती तिथली झाली आनि हितली ऱ्हायली न्हाय.

"मग कार्ड तरी मिळालं का?" म्या इचारलं.

"मिळालं की. दवाखाना दोन बसगाड्या बदलून. घरी कुनी येत न्हाय. आता दम काय बसची वाट बघत बसतो व्हय?" आनि हसता हसता खोकत बसली.

हितं यायचा परवाना तीन म्हैन्यांचा, पन मनात हितंच मरायचं. आठ दिस झाले न्हायत तवर मळनीचं भुसकट उडलं आनि तिची छाती भरली. म्या धरून दवाखान्यात न्हेली. जुना कंपौंडर बदलून गेलेला. नव्या कारकुनानं परवाना बघितला, म्हनला, "बाई परदेशी हाय. आधी पोलीस ठान्याची चिठ्ठी आना."

"चिठ्ठी आनते, तवर सुई टोचा."

"कायदा हाय, मावशी."

"त्या आतल्या खोलीतलं बाळंतपनाचं टेबल हिनं जलमभर पुसलं. तवा तुमचा कायदा कुठं झोपला व्हता?"

"मला काय म्हाईत? म्या परवाच आलोय."

खालाच्या छातीत शिट्टी वाजत व्हती. तिनं माझा पदर वढला. "त्येच्याशी भांडू नको, नोकरी नवी हाय पोराची. डाक्टरला हाक मार."

म्या हाक न्हाय मारली, बोंबलले. डाक्टर भाईर आला, तिचे ओठ बघितले, कागद बाजूला सारला आनि सुई टोचली. त्यानंच सांगितलं, हितं ऱ्हायचा अर्ज करा. मास्तरांनी अर्ज लिवला. मागनी एवढीच, उरलंसुरलं आयुष्य ह्या दवाखान्याजवळ काढू द्या. वरनं कागद आला, मुदत सरली की निघायचं.

मोटारीच्या अड्ड्यावर पोलीस उभा, ही गेली का न्हाय ते बघायला. जिला चार पावलं चालवंना तिच्यावर पहारा. माझी जाऊ संगं आलेली, तिला आठवा लागलेला. खालानं पायरीवर पाय ठेवला, जावंकडं बघितलं आनि परत खाली उतरली. पदराआडून पोटावर हात फिरवाया लागली.

पोलीस म्हनला, "बाई, चला आता."

"थांब बाबा. लेकरू आडवं हाय." मग माझ्याकडं वळली, "गोदे, कळांची वाट बघू नको. हिला आधीच सोलापूरला न्हेऊन ठेव, मोठ्या दवाखान्याजवळ. सासूचं ऐकू नको." आनि मोटारीत जाऊन बसली.

सासूशी भांडून न्हेली. तिथं पोट चिरून लेकरू काढलं, दोघं बी जगली. लेकरू रांगाया लागलं त्या हिवाळ्यात करीमचं पत्र आलं. अम्मीला दवाखान्यात न्हेताना पहिल्या बसमधीच दम संपला. दुसरी गाठायच्या आतच.

मास्तर म्हनले, "काय लिवायचं?"

म्या म्हनलं, "करीमला लिवा, तिनं हातानं वळखलेलं लेकरू हितं रांगतंय. आनि ज्या सायबानं तिचा अर्ज परत धाडला त्येला बी एक लिवा. म्हनावं, बाई गेली, आता मुदत वाढवून द्यायला नगं."

"सरकारला असं लिवत न्हायत, गोदाबाई."

"मग कसं लिवत्यात ते सांगा."

मास्तरांनी कोरा कागद म्होरं वढला. मग टाक दौतीत बुडवला.