काट्यावरचा कम्प्युटर

माझ्यादेखत त्यानं कीबोर्ड पुसला. ओल्या फडक्यानं, एकेक बटण. मग माऊस. मग खुर्चीचे हात. शेजारचा प्रिंटर कापसाच्या धुळीनं पांढरा झाला होता. त्याला फडकं लागलं नाही. माझा हात जिथे लागायचा, तेवढंच पुसलं.

"जिनिंगमध्ये धूळ लय असते," तो म्हणाला. शेठजींचा पुतण्या. त्याला सगळे भय्या म्हणत.

बाभुळगाव रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर ऑपरेटर होते. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती काढायची. त्या वर्षी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली. फाटकाबाहेरची रांग आटली. शेठजी म्हणाले, "गाड्याच नाही तं ऑपरेटर कायले पाह्यजे? कम्प्युटरमधलं तुहं काय असन थे मिटव, भय्याच्या हवाली कर अन् जाय."

गाड्या नव्हत्या. भय्यासाठी खुर्ची मात्र होती.

माझ्या फायली मिटवायला मी त्या पुसलेल्या खुर्चीत बसले. तो मागे उभा राहिला, अंतर ठेवून. मी काय उघडते, काय मिटवते, बघत. चोरावर ठेवतात तशी नजर.

माझं त्यात फार काही नव्हतं. एक फोटो. गाडी काट्यावर चढली की वरचा कॅमेरा आपोआप फोटो काढायचा. माझी माय तिथेच रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायची. एका दुपारी ती माझा डबा घेऊन आली आणि गाडीसोबत फोटोत आली. केसांत कापूस. कुणाला तरी काही बोलून खळखळून हसतेय. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. छाती धुळीनं भरली होती. घरी तिचा आधार कार्डावरचाच फोटो आहे. त्यात ती भ्यालेली दिसते.

मी तो फोटो उघडला, पेनड्राइव्ह काढला.

"भाऊ, मायचा एक फोटो घेऊ द्या."

"इथला माल बाहेर जात नाही."

"माल नाही थो. माय हाये माही."

तेवढ्यात शेठजी आत आले. मी हात जोडले. त्यांनी फोटोकडे बघितलंही नाही.

"पहिले पासवर्ड सांग."

"जयभीम."

भय्या हसला. शेठजी नाही हसले. "आमच्या कम्प्युटरले हे नाव? बदल. लक्ष्मी कर. मंग घेऊन जाय तुहा फोटो."

बोटं बटणांवर होती. माय समोर हसत होती. बदलायला कितीसा वेळ लागतो?

या जिनिंगमध्ये तिला पाणी वरून ओतायचे. ती ओंजळ धरायची. माझा कप वेगळा, खिडकीत पालथा. मी त्यातच चहा प्यायचे, काही बोलायचे नाही. पण हा शब्द मी रोज सकाळी माझ्या हातानं टाकत आले होते. तो पुसायचा, तोही माझ्याच हातानं. मायच्या मोबदल्यात.

मी कम्प्युटर बंद केला. उठले.

"मी नाही बदलत. उघडाचा असन तं तुमच्या हातानं जयभीम टाका."

त्यांनी टाकलं नाही. शेठजींनी यवतमाळच्या मेकॅनिकला फोन लावला. "पावत्या छापल्याच हायेत. बाकी सगळं उडवून टाक. नव्यानं कर."

मी फाटकाबाहेर थांबले. ऊन उतरेपर्यंत. दुसरं काय करणार होते? मेकॅनिक बाहेर आला तेव्हा त्याची गाडी अडवली, फोटोचं विचारलं. त्यानं मान हलवली. "काहीच नाही राह्यलं, ताई."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले.

आता मायचं ते हसणं डोळ्यांपुढे आणते, तर दात दिसतात, डोळे दिसत नाहीत. हे मी त्यांना माफ करणार नाही.

महिन्याभरानं पांढरकवड्याला एका दुकानात काम मागायला गेले. मालकानं आडनाव ऐकलं. "म्हंजे कोन्त्या समाजाची?" दुकानात गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काम मिळालं नाही.

पुढेही विचारतील. पुढेही सांगीन. आवाज कमी करणार नाही.