चार नंबरची खुर्ची रिकामी

परवा क्लिनिकमध्ये लासलगावचे एक आजोबा आले होते. लेकीकडे देवळाली कॅम्पला आलेले, रात्रभर दाढेने झोपू दिलं नाही म्हणून माझ्याकडे. दाढ काढण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, हात धुऊन वळते तर आजोबा पायात चपला घालतायत...

"येतो मंग ताई. दुखायचं थांबलं. लय गुण आला तुमच्या सुईचा."

मी आणि माझी असिस्टंट मीना, दोघी एकदम दारात आडव्या उभ्या राहिलो. आजोबा बिचारे दचकलेच. त्यांना काय माहीत, असाच एक पेशंट आमच्या हातून एकदा निसटलाय... तोही थेट केनियात.

मागच्या वर्षी आमच्या चर्चच्या टीमबरोबर आम्ही तिकडे दातांच्या शिबिराला गेलो होतो. मी, दोन तरुण डॉक्टर आणि मीना. मीना नांदगावची, विमानात पहिल्यांदाच बसत होती, आणि हत्यारं निर्जंतुक करायला घरचा पाच लिटरचा कुकर तिने हट्टाने बरोबर घेतला होता. मी "नको गं" म्हणून कटकट केली होती. तिथे गावात लाइटचा पत्ता नव्हता आणि त्या कुकरनेच आमची अब्रू राखली.

मला एक खोड आहे... वेळ वाया गेलेला खपत नाही. इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. म्हणून मी चर्चच्या ओट्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या. चौघांना लागोपाठ टोचायचं आणि मग पहिल्यापासून दाढा काढत यायचं.

तिथल्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, प्रत्येक पेशंटसाठी प्रार्थना करायची होती. मीच म्हटलं, ती दहा मिनिटं तुमची. दोन्ही कामं एकदम उरकतील! स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश होते.

त्या गावातला आमचा शेवटचा दिवस होता. चार नंबरच्या खुर्चीत मामा रूथ बसल्या होत्या. तिकडे मोठ्या बाईला मानाने 'मामा' म्हणतात. सत्तरीच्या, गाल टम्म सुजलेला, खालच्या दाढेत पू झालेला. आठवडाभर धड जेवल्या नव्हत्या. बाहेर रांग वाढत होती, म्हणून पुढे काय करणार हे न सांगताच मी सुई टोचली... आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तर चार नंबरची खुर्ची रिकामी!

बाहेर टाळ्या आणि गाणं सुरू झालं होतं. मीना धावत आली. "मॅडम, ती आजी घरी चालली हो. लय खुशीत हाय. आभाळाकडं हात करून, देवानं बरं केलं म्हणून समद्यांना सांगून राहिली."

दोन-तीन तासांत इंजेक्शन उतरणार, ती दाढ पुन्हा ठणकणार, आणि आम्ही सकाळी पुढच्या गावाला. तिथून जवळचा दातांचा डॉक्टर म्हणजे एक दिवसाचा बसप्रवास. पू पसरला असता तर म्हातारीच्या जिवावर बेतलं असतं.

बाकीचं काम दोन्ही तरुण डॉक्टरांवर टाकून मी पाळकसाहेबांना घेऊन तिच्या घरी गेले. ते दुभाषी. मी रोज सकाळी प्रार्थना केल्याशिवाय चहा न पिणारी बाई. आणि आता जाऊन सांगायचं काय, तर बाई गं, चमत्कार नव्हता, औषध होतं.

मामा रूथ अंगणात मक्याचे दाणे सोलत होत्या. मी सांगितलं, पाळकसाहेबांनी खाली मान घालून त्याचा अर्थ सांगितला. मामा रूथचा चेहरा पडला. एवढंच म्हणाल्या, "मग माझ्या प्रार्थनेचं काय झालं?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी इथेच बसते. संध्याकाळपर्यंत दुखलं नाही, तर मी चुकले.

मग एक कणीस हातात घेतलं. वेळ वाया न घालवणारी मी, दोन तास परक्या देशातल्या एका अंगणात मका सोलत बसले. भाषा येत नव्हती. त्यांनी दुधाचा चहा दिला, त्यालाही तिकडे चायच म्हणतात. मनातून मला वाटत होतं, देवा, नाहीच दुखलं तर किती बरं होईल...

दुखलं. त्यांनी हळूच गालाला तळवा लावला. डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि माझ्यापुढे चर्चकडे चालू लागल्या. पुन्हा इंजेक्शन दिलं, या वेळी सगळं नीट समजावून, आणि दाढ निघाली.

सकाळी आम्ही गाडीत सामान चढवत होतो तेव्हा त्या आल्या. सूज थोडी ओसरली होती. फडक्यात बांधलेले मक्याचे दाणे माझ्या हातात ठेवले, आम्ही दोघींनी सोललेले. आणि पाळकसाहेबांमार्फत म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून माझ्या दारात कुणी इतका वेळ बसलं नव्हतं. प्रार्थनेचं काय झालं, ते मला कळलं."

गाडीत मी ते फडकं मांडीवर घेऊन तोंड खिडकीकडे केलं. मीनाने पाण्याची बाटली पुढे केली.

परवा त्या लासलगावच्या आजोबांना परत खुर्चीत बसवलं. दहा मिनिटं त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले... कांद्याचं, लेकीचं, जावयाचं सगळं ऐकलं. बाहेर चार पेशंट थांबले होते. थांबू देत. ती दहा मिनिटं आता मी दुसऱ्या कुणाला देत नाही, मामा रूथ.