बहिऱ्याची जागा

आमच्या ह्यांचा पाय घरात ठरत नाही, हे मला लग्नाआधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाले, तरी खाली-वर चालूच. दार असो की यंत्र, आधी तळहात लावून बघायची खोड. "आतलं कळतं," म्हणतात. माझ्या मनातलं मात्र कधी कळलं नाही.

त्यात मुलाने गाण्याचा क्लास काढायचं ठरवलं. आमचं आडनाव बहिरे. 'बहिरे संगीत वर्ग' अशी पाटी लागली तर लोक पोट धरून हसतील, म्हणून तो आडनावच बदलायला निघाला.

"बाबा, तुम्हीच सांगा, शिकायला कोण येईल? रविवारी रंगारी येतोय. नवीन आडनाव घालू."

हे भरल्या ताटावरून उठले. मला दोघांचाही राग आला. वडिलांकडून आलेली एवढी एकच गोष्ट ह्यांच्याजवळ उरली होती, आणि पोरगं ती खरकट्यासारखी टाकून देत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या अंगात वारं शिरलं. आडनाव आलं कुठून, याचा छडा लावायचाच. म्हाताऱ्या आत्याबाईंना एवढंच ठाऊक होतं, की ह्यांचे खापरपणजोबा घड्याळाच्या मनोऱ्यावर कामाला होते आणि कुणाच्या हाकेला ओ देत नसत. "आखडू असणार मेला," त्या म्हणाल्या.

ह्यांनी तडक मुलाचं बखोट धरून मनोरा गाठला. मागोमाग धापा टाकत मी.

तिथल्या घड्याळजीने आम्हाला वर नेलं. पूर्वी घंटा हाताने ठोकत. ती जिला टांगली होती त्या तुळईचं लाकूड एका ठिकाणी झिजून खोलगट झालं होतं.

"ही बहिऱ्याची जागा," घड्याळजी म्हणाला. "आमच्यात पहिल्यापासून असंच म्हणतात. घंटा ठोकून ठोकून त्याचे कान गेले, पण गडी काम सोडेना. एका हातात हातोडा, दुसरा हात इथे. एका ठोक्याची थरथर विरली की मगच पुढचा ठोका. त्याचा तास कधी चुकला नाही म्हणतात."

"आणि त्याचं नाव?" ह्यांनी विचारलं.

"ते कुणाला माहीत! सगळे बहिराच म्हणायचे. पोरंबाळं झाली, ती बहिऱ्याची."

ह्यांनी त्या खोलगट जागी तळहात ठेवला. तेवढ्यात तास पडला. मी कान गच्च दाबले, मुलानेही दाबले. मग बापाकडे बघून त्याने कानावरचा एक हात काढला आणि त्यांच्या हाताशेजारी टेकवला. आवाज थांबला तरी दोघेही हात काढेनात.

"बाबा, अजून चालू आहे," मुलगा हळूच म्हणाला.

माझे डोळे भरून आले. वर धूळ फार, असं मी सांगितलं.

खाली उतरताना पाटीचा विषय कुणी काढला नाही. ह्यांचा जीव टांगणीला. रविवारी तर स्वयंपाकघरात शिरून उगाच डब्यांची झाकणं उघडत-लावत बसले.

"रंगारी आलाय. काय लिहिलंय ते तू बघून ये," मला म्हणाले.

"तुमचं आडनाव, तुम्ही बघा. माझी भाजी करपेल."

गेले एकदाचे. भाजी तशीच टाकून मीही गेले. भिंतीला टेकवलेल्या पाटीवर ठसठशीत अक्षरं होती: बहिरे संगीत वर्ग.

ह्यांनी वाचलं, आणि सवयीने तळहात ठेवला थेट अक्षरांवर.

"अहो काका, रंग ओला आहे!" रंगारी ओरडला आणि फडकं घेऊन धावला. मुलाने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका. तसंच वाळू दे."

हे रंगलेला हात पुढे धरून उभे राहिले. एका जागी, कितीतरी वेळ.